कोरडी राहिलेली टाच

शाबान महिना लागला की जुन्नरच्या पेठेपासून नारायणगाव, मंचर, घोडेगावपर्यंत आपल्या घरांत एकच धांदल उडते. शबे-बरातच्या आधी घर धुऊन निघालं पाहिजे. गाद्या गच्चीवर, पितळेची भांडी अंगणात, पडदे बादलीत, आणि मुलं शेजाऱ्यांकडे. वर्षभराचं काम चार दिवसांत. पाचव्या दिवशी घर लखलखतं आणि घरातली बाई कंबर धरून बसते. पंधरा दिवसांनी रमजान. म्हणजे ज्या महिन्यात तिला पहाटे तीनला उठून सेहरी करायची आहे, त्या महिन्यात ती आधीच थकून पाऊल टाकते. शेजारच्या घरात दिवाळीआधी हेच चालतं. इराणात नवरोजच्या आधी हेच चालतं. तिथे त्याला ‘खाना-तकानी’ म्हणतात, घर झटकणं. शब्द मला फार आवडतो. झटकायचं कोणी, एवढंच त्यात सांगितलेलं नाही.

हल्ली यात भर पडली आहे मोबाइलवरच्या नुस्ख्यांची. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फस्सकन फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मळ पळाला. खरं तर आम्ल आणि अल्कली एकमेकांचा जोर काढून घेतात, उरतं ते जवळपास खारट पाणी. सोडा तेलकटपणावर चालतो, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारावर चालतं. दोन्ही वेगवेगळे वापरले तर उपयोग आहे. पण माझी तक्रार फेसाबद्दल नाही. हे सगळे नुस्खे एक गोष्ट धरून चालतात: साफ करणारी एक बाई आहे, तिला वेळ नाही, म्हणून तिचा हात आणखी भराभर चालला पाहिजे. दुसऱ्या कुणाचा हात लागावा, असा नुस्खा मी अजून पाहिलेला नाही.

आपल्याला वुजू लहानपणापासून येतो. जे वाचक मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी सांगते: नमाजआधी हात, तोंड, पाय धुण्याची ती ठरलेली रीत. त्यात कुठल्या गोष्टींवर भर आहे ते आठवून बघा. बोटांच्या बेचक्यांतून बोटं फिरवायची, पायाच्या बोटांमधूनसुद्धा. कानाच्या मागे ओला हात न्यायचा. अंगठी घट्ट असेल तर हलवायची. कोपर सुटता कामा नये. चेहरा तर कोणीही धुतो. वुजूचं सगळं लक्ष तिथे आहे जिथे पाणी आपणहून पोचत नाही. एक हदीस प्रसिद्ध आहे. प्रवासात असरच्या नमाजला उशीर होत होता, सहाबींनी घाईघाईत पायांवरून ओले हात फिरवले, आणि टाचा कोरड्या राहिल्या. पैगंबर (स.) यांनी मोठ्या आवाजात त्या टाचांबद्दल सावध केलं. घाई होती, कारण चांगलं होतं, तरीही टाच सुटलेली चालली नाही.

आणि आपली घरं? दिवाणखाना रोज पुसतो, कारण मेहमान तिथे बसतात. शोकेसमधला काचेचा मक्का-मदिना आठवड्याला चमकवतो. त्याच घराच्या टाकीचं झाकण दोन वर्षांत कोणी उचललेलं नसतं. घराची टाच कोरडी आहे.

टाकीपासूनच सुरुवात करू, कारण आजार तिथून येतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत धरणं कमी नाहीत. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे. तरी नळाला पाणी रोज आणि पुरेसं येईल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक घरात साठवण आहे: गच्चीवर काळी टाकी, मोरीत पिंप, दारात ड्रम. डेंग्यूचा डास गटाराच्या घाणीत वाढत नाही, तो आपल्या या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेला, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, आणि पाणी ओतून दिल्यावर कोरड्या पिंपातही काही महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की पुन्हा डास. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतं तेव्हा नुसतं पिंप पालथं करून भागत नाही. आतून, खास करून वरच्या काठाखाली, काथ्याने घासायला हवं आणि उन्हात वाळवायला हवं. मग झाकण, आणि झाकण बसत नसेल तर सुती कापड दोरीने घट्ट. रात्री भांडी झाका, मश्कीचं तोंड बांधा, हे तर आपल्याला हदीसमधूनच सांगितलेलं आहे.

मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी होणार नाही, हे मान्य. पण सहा महिन्यांतून एकदा तरी तिच्या तळाचा गाळ काढायला काय हरकत आहे? घासून झाल्यावर टीसीएल पावडर किती घालायची ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, अंदाजाने मूठभर टाकू नका. आणि एक गोष्ट जपून करा: जमिनीखालच्या बंद टाकीत कोणीही एकट्याने, झाकण उघडल्या उघडल्या उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर दुसरं माणूस उभं ठेवा.

डासाची आणखी एक जागा सांगते, जी मला वर्गातल्या मुलांमुळे लक्षात राहिली आहे. सहावीच्या मुलांना मी एकदा दोन ओळी लिहायला सांगितल्या: घरातली अशी कुठली जागा आहे जी वर्षभरात कोणीच बघितली नाही, आणि ती साफ कोण करतं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं मजेदार होती. फ्रिजच्या मागे, दादीच्या पेटीखाली, पंख्याच्या वर. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी ‘अम्मी’ लिहिलं, काहींनी ‘आपा’. एका पोराने लिहिलं, “हमारे इधर अपने आप साफ होता.” मी त्याला मार्क दिले. घरात जे दिसतं ते त्याने खरं लिहिलं होतं.

तर, फ्रिजच्या मागे. कॉम्प्रेसरच्या वर एक छोटी थाळी असते, तिच्यात पाणी साचतं आणि तेवढं पाणी डासाला पुरतं. आठवड्यातून एकदा प्लग काढून ती थाळी पुसा, मागच्या जाळीवरची धूळ कुंच्याने झटका. विजेचं बिलही थोडं उतरेल. आपल्या खोडदला आकाशाच्या पार टोकाकडून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या तीस मोठ्या अँटेना उभ्या आहेत, आणि आपल्याला फ्रिजच्या मागचा हातभर कोपरा सापडत नाही!

ओट्याखालचं गॅसचं कपाट हा दुसरा कोपरा. शेगडीमागे फोडणीचे शिंतोडे बसतात, त्यावर धूळ बसते, त्यावर झुरळं येतात, झुरळांच्या मागे पाल आणि उंदीर. उंदराने कुरतडलेली नळी कपाटाच्या आत असते म्हणून दिसत नाही. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायची. महिन्यातून एकदा नळीला आणि रेग्युलेटरला साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून कधीच बघायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, खाली ओट्याखाली साचून राहतो. म्हणून त्या कपाटाच्या दाराला खाली हवा जायला भोकं हवीत. शोभेसाठी ते दार गच्च बंद करून घेणाऱ्या सुतारांशी आणि घरमालकांशी माझं भांडण आहे.

आता मोरी आणि संडास. इथे मला जरा कठोर बोलायचं आहे. आपल्या बायका हट्टाने दोन औषधं एकत्र करतात: संडास धुण्याचं ॲसिडवालं लिक्विड आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच, किंवा ब्लीचिंग पावडर. एकाने डाग निघतो, दुसऱ्याने वास जातो, मग दोन्हीने दुप्पट निघेल, असा हिशोब. ते एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तोच. आपले संडास केवढे? तीन फूट बाय चार फूट, वर वीतभर झरोका, आणि दार आतून बंद, कारण बाहेर मोठी माणसं बसलेली. डोळे चुरचुरणं, खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं याला ‘ॲसिडचा ठसका’ म्हणून सोडून दिलं जातं. ब्लीच अमोनियाबरोबरही मिसळायचं नाही. एका दिवशी एकच वस्तू, मध्ये भरपूर पाणी, दार उघडं, हातात रबरी मोजे. आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत ॲसिड भरून ठेवणं आज बंद करा. घरात लहान मूल आहे.

हे मी फक्त आपल्या घरातल्या बाईसाठी म्हणत नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी बायका दुसऱ्यांकडे धुण्याभांड्याला जातात. त्यांना मोजे कोण देतं? “कामवाली लावा” हे व्यस्त घरांना सुचवलं जाणारं उत्तर मला म्हणूनच अर्धवट वाटतं. कठीण कोपरा गरीब बाईच्या हाती दिल्याने तो सोपा होत नाही. ठेवली असेल तर मोजे घेऊन द्या, आणि माळ्यावर तिला चढवू नका.

माळा आणि पंखा ही उंचावरची कामं. स्टुलावर डबा, डब्यावर पाट, आणि त्यावर दुपट्टा खोचून उभी राहिलेली घरातली मुलगी. हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. पडून मनगट मोडलं की “कशाला चढली होतीस?” असं विचारणारे तिला शिडी देत नाहीत. पंख्याचं पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून अभ्रा बाहेर ओढला की धूळ आतच राहते, खाली अंथरुणावर पडत नाही. युक्ती चांगली आहे. पण त्याहून चांगली गोष्ट म्हणजे घोडी धरायला एक माणूस आणि चढायला घरातला सगळ्यात उंच माणूस. तो बहुतेक घरांत पुरुष असतो.

ओलीबद्दल थोडंसं, कारण आपल्याकडे दोन हवामानं आहेत. पूर्वेला, आळेफाटा-बेल्ह्याकडे, धूळ हा त्रास. कांद्याच्या मोसमात टरफलं खिडकीच्या खाचांत जाऊन बसतात, जुना टूथब्रश तिथे सगळ्यात उपयोगी. पश्चिमेला, घाटघरकडे किंवा भीमाशंकरच्या बाजूला, पावसाळाभर ऊन दिसत नाही आणि कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढते. दमेकऱ्याला ती वाईट. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, एवढंच खरं औषध; वरून रंग मारला की बुरशी रंगाखाली राहते. गाद्यांना ऑक्टोबरचं पहिलं ऊन चुकवू नका.

“एवढ्याला वेळ कुठे आहे?” हे मला कुणीही विचारेल आणि ते बरोबरच आहे. सकाळी मुलांचे डबे, मग कुणी शाळेत, कुणी अंगणवाडीत, कुणी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायला, कुणी शिलाईवर. पण वेळ कुणाचा कमी आहे, ते जरा मोजून बघू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं की देशात सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया घरातलं बिनपगारी काम करतात, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यात स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन पुरुष घरच्या कामाला हातच लावत नाहीत. यात फक्त आपली घरं नाहीत, सगळ्यांचीच आहेत. पण आपल्याकडे एक जास्तीचं उत्तर तयार असतं: “मर्दांनी झाडू मारायचा का?”

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आलं होतं की पैगंबर (स.) घरात असताना काय करत. त्यांनी सांगितलं, घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. दुसऱ्या रिवायतींमध्ये स्वतःचा कपडा शिवणं, चप्पल सांधणं येतं. दाढीच्या लांबीवर तासभर बोलणाऱ्यांना ही सुन्नत कशी आठवत नाही, याचं मला नवल वाटतं. तहारत ईमानचा हिस्सा आहे असं आपण भिंतीवर टांगतो आणि ती भिंत पुसायला बायकोला सांगतो. महाराष्ट्राला तर याचं आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव रस्ते झाडत फिरले, त्यांच्या नावाने सरकारने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, आणि त्या अभियानाच्या दिवशी रस्ता झाडताना फोटो काढून घेणारे पुरुष घरी येऊन पायातली चप्पल दारातच कुठेही भिरकावतात.

जुन्नरच्या माणसाला या विषयावर लांब जायची गरज नाही. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. भोवतालच्या डोंगरांतल्या लेण्यांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत, आणि त्यांत कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांचं, ‘पोढीं’चं दान नोंदलेलं आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्याचा लेख तर इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. दान देणाऱ्याचं नाव दगडात राहिलं. दर उन्हाळ्यात आत उतरून गाळ काढणारे कोण होते? त्यांनी तो काढला नसता तर पोढी केव्हाच भरून गेली असती.

मी वेळापत्रक देणाऱ्यांपैकी नाही. शाळेत तेवढं पुरे होतं. पण एक साधी गोष्ट काही घरांत चालताना पाहिली आहे: कोपऱ्याला नाव द्यायचं. टाकी अब्बूंची. पंखे आणि माळा मोठ्या मुलाचा. फ्रिजची थाळी आणि खिडक्यांच्या खाचा धाकट्यांच्या, दर आठवड्याला पंधरा मिनिटं. गॅसची नळी ज्याची तो तारीख लक्षात ठेवील. मग अम्मीने आठवण करून द्यायची नाही, कारण आठवण ठेवणं हेसुद्धा कामच आहे आणि तेही आजवर तिच्याच डोक्यावर आहे. आधी दोन-तीन महिने कोपरे घाणच राहतील. राहू द्यावेत. बाईने पुन्हा हातात फडकं घेतलं की सगळं पहिल्यासारखं होतं. दादीजान म्हणतील, पोराला कशाला राबवतेस. त्यांच्याशी भांडू नये. त्यांनी आयुष्यभर केलेलं काम त्यांना कुणी काम म्हणून दाखवलेलंच नाही.

आणि ज्यांची नवी घरं उठत आहेत त्यांना एक विनंती. कांद्याचे, ऊसाचे, द्राक्षाचे पैसे हातात आले की आपण छताला पीओपी लावतो, ओट्याखाली गच्च कपाटं करतो, आणि गच्चीवरची टाकी अशा कोपऱ्यात चढवतो की तिचं झाकण उघडायला भिंतीवरून लोंबकळावं लागतं. नकाशा काढताना गवंड्याला एकच विचारा: इथे हात कसा पोचणार? टाकीपाशी उभं राहायला दोन फूट जागा, टाकीच्या तळाला गाळ सोडायचा नळ, गच्चीवर पक्का जिना. घर झाल्यावर हे करायला दुप्पट पैसे लागतात.

‘कोरडा दिवस’ कुठला धरावा असं मला बायका विचारतात तेव्हा मी शुक्रवार सांगते. जुम्याच्या नमाजआधी पुरुष घुस्ल करणारच असतात. पिंप घासून अंग भिजलं, हाताला शेवाळ लागलं, तरी त्यानंतर आंघोळ आहेच. सकाळी दहाला सुरू केलं तर अजानच्या आधी पिंप गच्चीवर पालथं पडून वाळलेलं असतं.